गेटबाहेरच्या वसुधाताई

दहावीचे पेपर सुरू झाले की आमच्या मजल्यावरच्या वसुधाताई लाल साडी नेसतात, पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक वही घेतात आणि डोंबिवलीतल्या कोपरच्या शाळेच्या गेटबाहेर जाऊन उभ्या राहतात. घरात परीक्षेला बसणारं कुणी नाही. खरं तर घरात दुसरं कुणीच नाही.

वसुधाताई ग्रंथपाल, वय पंचावन्न. नऊ वर्षं त्या पीएच.डी. करत होत्या. विषय, 'परीक्षा केंद्राबाहेर वाट पाहणारे पालक: चीन आणि डोंबिवली'. डोंबिवलीच्या जागी महाराष्ट्र घाला, असं मार्गदर्शक सरांनी परोपरीनं सांगितलं. ताई हटल्या नाहीत. महाराष्ट्र मी पाहिलेला नाही, म्हणाल्या. चीनही पाहिलेला नव्हता, पण ते सरांना सुचलं नाही.

चीनमध्ये विद्यापीठात जायचं तर गाओकाओ नावाची परीक्षा द्यावी लागते. तिथल्या कितीतरी आया शुभ म्हणून लाल कपडे घालून बाहेर थांबतात. हे ताईंनी चिनी शिकून, तिकडच्या पालकांशी पत्रव्यवहार करून शोधलं आणि मग इथे स्वतःच थांबायला लागल्या. बंदोबस्ताच्या हवालदाराला वाटलं, बाई कॉप्या पुरवतेय. त्याने ओळखपत्र मागितलं, ताईंनी त्याच्या हातात प्रश्नावली ठेवली. त्याने उभ्या उभ्या सगळी भरून दिली, कारण त्याचाही मुलगा त्याच वेळी दुसऱ्या केंद्रावर पेपर लिहीत होता आणि बाहेर कुणी नव्हतं.

'तुलनात्मकदृष्ट्या' हा त्यांचा लाडका शब्द. आमची भाजीवालीसुद्धा आता भेंडी तुलनात्मकदृष्ट्या कोवळी आहे म्हणून सांगते. या सगळ्याची चेष्टा करण्यात मी सोसायटीत सर्वांच्या पुढे होतो.

मग माझा मुलगा दहावीला बसला. आम्हा दोघांना रजा मिळेना. गणिताचा पेपर देऊन तो रडवेला बाहेर आला तर समोर लाल साडी. पेपर कसा गेला हे विचारायचं नाही, असा ताईंचा नियम आहे. त्यांनी एवढंच विचारलं, भूक लागली का? दोघं वडापाव खाऊन घरी आली.

संध्याकाळी आभार मानायला गेलो आणि सहज विचारलं, "ताई, तुमच्या दहावीला बाहेर कोण थांबलेलं?"

त्यांनी वही मिटली. "आई नव्हती. बाबा केमिकल कंपनीत, पहिल्या पाळीला. याच शाळेत होता नंबर. सगळ्यांचं कुणी ना कुणी आलेलं असायचं. मी मान खाली घालून मागच्या रस्त्याने घरी जायचे." मग म्हणाल्या, "तुलनात्मकदृष्ट्या काही बिघडलं नाही."

मला माझीच लाज वाटली. चेष्टा तिथे संपली.

यंदा ऑगस्टमध्ये इस्त्रीवाल्याकडे ती लाल साडी दिसली. ऑगस्टमध्ये कसली दहावी? बाईंना गुरुवारी सकाळी पाहिजेच, तो म्हणाला. बायकोने लगेच ओळखलं, की ताईंच्या पीएच.डी.ची तोंडी परीक्षा असणार. नऊ वर्षांच्या कामाचा निकाल, आणि त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. ठाण्यात वर्तकनगरला त्यांचं संशोधन केंद्र होतं, तिथे मी फोन करून विचारलं. अकरा वाजता, दुसरा मजला.

गुरुवारी मी रजा टाकली. माझ्याकडे लाल म्हणावं असं काय, तर ऑफिसच्या क्रिकेटचा टी-शर्ट, पाठीवर सात नंबर. तो घालून, थालीपिठांचा डबा मांडीवर ठेवून बंद दाराबाहेर बाकावर बसलो. आत परीक्षक काहीतरी विचारत होते. ताईंचा आवाज मध्येच बारीक व्हायचा, तसा मला घाम फुटायचा. मुलाच्या दहावीला आपण काय चुकवलं, ते मला त्या बाकावर कळलं.

दीड तासाने दार उघडलं. ताई बाहेर आल्या त्या मान खाली घालूनच, आणि तशाच जिन्याकडे वळल्या.

"ताई," मी हाक मारली.

त्यांनी टी-शर्टकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. काय झालं, हे विचारायला माझी जीभ नुसती वळवळत होती.

"भूक लागली का?" मी विचारलं.

"हो," त्या म्हणाल्या. "खूप."

बाकावर बसून त्यांनी दोन थालीपिठं खाल्ली, मधून मधून पदराने डोळे पुसत. मी काही विचारलं नाही. पदवी मिळाल्याचं त्यांनी कोपर स्टेशनला उतरून रिक्षात बसल्यावर आपणहून सांगितलं. रिक्षावाला जवळ पडतं म्हणून मागच्या रस्त्याला वळायला लागला, तेव्हा ताई पुढे वाकून म्हणाल्या, "शाळेच्या गेटवरून घ्या."