देवीडॉक्टरचे मासे

शामरावांची आणि माझी ओळख माझ्या दंडापासून सुरू झाली.

मेहकरच्या शाळेत रुजू होऊन मला चारच दिवस झाले होते. निम्मं सामान अजून पोत्यातच होतं. बायको अंगणात चूल लिंपत होती आणि मी भिंतीला फळी ठोकत होतो. तेवढ्यात शेजारच्या दारातून एक उंच, वाळका, खाकी चड्डीतला माणूस तरातरा आला. नाव नाही, गाव नाही, एकदम म्हणाला, "बाही वर करा."

"काय?"

"बाही, बाही. डावी."

आवाजच असा होता की मी हातोडी खाली ठेवून मुकाट्यानं बाही वर केली. त्यांनी दंडावरचे दोन वण अंगठ्यानं दाबले, उजेडाकडे वळवून पाहिले. "एक बरा निंगाला. दुसरा कच्चा. घाईत टोचलं कोणंतरी." मग माझ्या बायकोकडे वळले. तिनं पदर आवळून घेतला. "वहिनीचं उद्या पाहू," असं म्हणून आले तसे निघूनही गेले.

शामराव म्हणजे देवीची लस टोचणारे सरकारी माणूस. खेड्यातली मोठी माणसं त्यांना देवीडॉक्टर म्हणत. लहान मुलं टोच्या म्हणत. सायकलच्या मागच्या कॅरिअरला पत्र्याची पेटी, पेटीत लस, स्पिरिटचा दिवा आणि दंडावर टेकवून गर्रकन फिरवायचं ते दातेरी यंत्र. जानेफळपासून डोणगावपर्यंत असं एक खेडं नव्हतं की जिथे त्यांची सायकल गेली नव्हती. माणसाचा चेहरा ते विसरत, वण विसरत नसत. एका लग्नात त्यांनी बोहल्यावर चढायच्या आधी नवरदेवाला कोपऱ्यात घेऊन बाही वर करायला लावली होती. वरबाप भडकला, तर त्याचीही बाही वर करून पाहिली.

आणि हा माणूस बसत नसे. कुठेच नाही. खुर्ची दिली तर तिच्यावर एक पाय ठेवायचे. चहा दिला तर एक घोट घेऊन फाटकापर्यंत जायचे, रस्ता पाहून यायचे, मग दुसरा घोट. त्यांची बायको, गंगावहिनी, म्हणायच्या, "याईचं जेवण म्हंजे वरात आहे भाऊ. मी ताट घेऊन मांगं मांगं." बोलताना हात सारखे चालू. दाराची कडी, खिशातली किल्ली, समोरच्याच्या सदऱ्याचं बटण. माझं एक बटण त्यांनी असंच पिळून काढलं आणि माझ्याच हातावर ठेवलं. "घ्या, ढिल्लं होतं."

आमच्या गल्लीत मुलं पुष्कळ. पण शामरावांची सायकल वळणावर दिसली रे दिसली की गल्ली ओस पडायची. भोवरे तिथेच फिरत राहायचे, पोरं गायब. आया तरी काय कमी? "जेवतं का टोच्याले बलावू?" हे वाक्य रोज संध्याकाळी चार घरांतून ऐकू यायचं. खेड्यात तर पोरं कणगीत लपायची, कापसाच्या ढिगात घुसायची. शामराव हे किस्से मोठ्या रंगात सांगत. "एक पोट्टं तं आडात उतरलं होतं मास्तर! दोरीले लटकून! म्या वरून म्हनलं, बाबू, हात तेवढा वर कर." आम्ही हसायचो. तेही हसायचे, पण आमच्याआधी थांबायचे.

आमची माली तेव्हा चार वर्षांची. तिलाही त्यांनीच टोचलं. ती अशी किंचाळली की समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं पट्टा थांबवला. त्यानंतर त्यांची सायकल भिंतीला टेकलेली असेपर्यंत माली अंगणात पाऊल ठेवत नसे.

पुढे ते कसल्याशा प्रशिक्षणाला आठवडाभर नागपूरला गेले. परत आले ते माझ्या दारातूनच ओरडत. "मास्तर, कधी काचेच्या पेटीत मासे पाह्यले काय? जिते?"

"चित्रात पाहिलेत."

"चित्रात! म्या डोयानं पाह्यले. एका डाक्टरच्या दवाखान्यात. असे लाल, असे काळे, एक तं नुसता बावटा." हातांनी त्यांनी बावटा फडकवला. "आपल्याले पाह्यजे."

"कशाला हो?"

"शौक," ते म्हणाले आणि माझ्या फाटकाची कडी काढून-घालून पाहायला लागले.

पुढचे दोन महिने गल्लीला काही स्वस्थता मिळाली नाही. लोहाराकडून लोखंडी पट्ट्यांची चौकट आली. फोटोला फ्रेमा करणाऱ्याकडून काचा कापून आल्या. पेटी अडीच हात लांब. खिडकीच्या काचांना लावतात त्या लुकणानं काचा बसवल्या, ते एक दिवस सुकू दिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शामरावांनी अठरा घागरी पाणी ओतलं. आमची भिंत सामाईक. माझी बायको भाकरी थापत होती. भिंतीखालून पाण्याचा एक ओघळ आला आणि सरळ चुलीत गेला.

दुसऱ्यांदाही गळली. तिसऱ्यांदा ते रस्त्याच्या कामावरच्या मुकादमाला गाठून डब्यात डांबर घेऊन आले. गंगावहिनी डोक्याला हात लावून म्हणाल्या, "आता घरात डांबर!" पण डांबरानं पाणी धरलं. शामराव दिवसभर पेटीभोवती फिरत काठावरून बोट फिरवत होते आणि कोरडं बोट प्रत्येकाला दाखवत होते.

वाळू पैनगंगेची. ती त्यांनी सात वेळा धुतली, आणि तरी मन मानेना म्हणून सरकारी सुया उकळायच्या पद्धतीनं पातेल्यात उकळली. गंगावहिनींनी ते पातेलं नंतर स्वयंपाकात घेतलं नाही.

मासे आणायला ते स्वतः नागपूरला गेले. दुकानदाराला म्हणे त्यांनी एकेका माशाचा स्वभाव विचारला. भांडतो का? चावतो का? लहानांना त्रास देतो का? दुकानदार म्हणाला, "साहेब, सोयरीक जमवायची आहे की मासे घ्यायचे आहेत?" शेवटी एकमेकांत मिसळून राहणारे चौदा मासे निघाले. बारके रंगीत शेपटीचे गप्पी, तलवारीसारखी शेपटी असलेले लाल, दोन काळेकुट्ट, आणि तो बावटा.

तुपाच्या मोठ्या डब्यात पाणी, पाण्यात मासे. शेगावपर्यंत रेल्वे, मग खामगाव, मग जानेफळवरून मेहकर. वाटभर ते वाटीनं पाणी उचलून वरून परत सोडत होते, माशांना हवा मिळावी म्हणून. जानेफळच्या थांब्यावर बस खचाखच भरली. एक बाई पोराला कडेवर घेऊन चढली, तिनं शामरावांना पाहिलं, डबा पाहिला, आणि "अव माय, डबाभर लस आणली!" म्हणत मागच्या दाराशी पळाली. तिच्यामागे बाकीच्या लेकुरवाळ्या. शामराव, डबा आणि पूर्ण बाक, असे तिघे मेहकरपर्यंत ऐसपैस आले.

दुकानदारानं बजावलं होतं, पेटीत पाणी भरून आठ दिवस तसंच राहू द्या, त्यात झाडं रुजू द्या, मग दोन-दोन करून मासे सोडा. टोचल्यावर फोड पाहायला आठव्या दिवशी जाण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या शामरावांना हे कळायला हवं होतं. पण घरात आल्या आल्या त्यांनी चौदाच्या चौदा मासे पेटीत ओतले, वर मुठीमुठीनं कणकेच्या गोळ्या टाकल्या, आणि काचेवर मळ चढला नाही ना हे दर पाच मिनिटांनी हात घालून पाहिलं. तिसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं झालं. पाचव्या दिवशी सहा मासे गेले.

त्या दिवशी शामराव दौऱ्यावर गेले नाहीत. मेलेले मासे कागदात गुंडाळून त्यांनी परसात पुरले आणि अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत राहिले. मी गेलो. म्हटलं, "होतं असं शामराव. नवीन काम."

"मी घाई केली," ते म्हणाले. "मले पाहवत नाही ना मास्तर, नुसतं पाणी. काहीतरी करावं वाटते." जरा वेळानं म्हणाले, "हात लावला का मरते. म्हंजे हातच लावू नाही."

दुकानदाराला त्यांनी पत्र टाकलं. उत्तराचं कार्ड त्यांनी मला वाचायला दिलं. त्यात एवढंच होतं, की पाणी थोडं थोडं बदला, खायला चिमूटभर घाला, आणि पेटीपाशी तुमचं जाणं कमी करा. शामरावांनी ते पाळलं. कसं, ते त्यांनाच माहीत. दुसऱ्या पंधरवड्यात पाणी निवळलं. उरलेले आठ मासे तरले.

आणि मग त्यांनी जे केलं ते कोणालाच कळलं नाही. पुढच्या खोलीला गल्लीकडे एक खिडकी होती, गुडघ्याएवढ्या उंचीवर. शामरावांनी तिचे गज उपटून काढले आणि पेटी तिथे बसवली. घराच्या बाजूच्या काचेला निळा कागद चिकटवला. म्हणजे घरात बसणाऱ्याला निळा कागद, आणि मासे सगळे रस्त्याला.

"इतकं मरमर करून आम्ही कागद पाहाचा काय?" गंगावहिनी म्हणाल्या. "अन् गज काढले, चोर आला तं?"

"चोराच्या मधात मासे आहेत ना."

मी म्हटलं, "शामराव, उलटी बसली पेटी."

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि सायकल काढून निघून गेले.

पहिला आठवडा कोणी फिरकलं नाही. मुलं गल्लीच्या पलीकडच्या कडेला, लिंबाखाली ओळीनं उभी राहायची. मी मालीला विचारलं, "जात का नाहीस बघायला?" ती गंभीरपणे म्हणाली, "बाबा, ते खोटे आहेत. मासे पाहाले गेलं का टोच्या आतून हात काढते, अन् टोचते." हे गल्लीतल्या मोठ्या पोरांचं संशोधन होतं. मी ते शामरावांना सांगितलं. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "असं म्हणतेत काय," आणि अर्धा कप चहा तसाच ठेवून गेले.

हळूहळू भीड चेपली. सायकल गेली की एकजण धावत जाऊन काचेला बोट लावून परत यायचा. मग दोघं. मग शामराव दौऱ्यावर असले की दुपारभर त्या खिडकीपाशी दहाबारा मुलांचा घोळका दिसायला लागला. काचेवर नाकांचे ठसे. गंगावहिनी रोज पुसायला जायच्या. शामराव म्हणाले, "राहू दे."

एके दिवशी ते डोणगावहून लवकर परतले. वळणावरून सायकल दिसताच मुलं उधळली. पळताना माली दगडाला अडखळून पडली, गुडघा फुटला. मी धावलो. शामरावांनी सायकल तिथेच टाकली होती. सायकलवरच्या पेटीत कापूस होता, औषध होतं; पण ते वीस पावलांवर थांबले होते, हातातला कापूस तसाच धरून. त्यांनी पुढे पाऊल टाकलं की माली जास्त रडत होती. शेवटी त्यांनी कापूस आणि बाटली गिरणीच्या ओट्यावर ठेवली, मला खूण केली आणि मागे सरकले.

त्यानंतर शामराव संध्याकाळी उशिरा घरी यायला लागले. मला वाटलं, काम वाढलं असेल.

पंधराएक दिवसांनी मी शाळा सुटल्यावर मागच्या वाटेनं घरी येत होतो. गिरणीच्या मागल्या भिंतीशी, जिथून आमची गल्ली दिसते पण गल्लीतून ती जागा दिसत नाही, तिथे शामराव उभे होते. सायकल दोन्ही हातांनी धरलेली. गिरणीवाला मला म्हणाला, "तासाभरापासून असेच आहेत. बस म्हनलं तं बसत नाहीत, अन् हालतही नाहीत."

मी जवळ गेलो. "शामराव, घरी नाही जायचं?"

"जातो ना. लेकरं आहेत अजून." ते गल्लीकडेच पाहत होते. "मी गेलो का पळतेत. मांगच्या टायमाले मालू पडली."

आम्ही दोघं उभे राहिलो. खिडकीशी मुलांची भांडणं चालली होती, शब्द पोचत नव्हते. थोड्या वेळानं ते म्हणाले, "मास्तर, नागपूरले त्या दवाखान्यात लय पोट्टे होते. सुई घ्याले आले होते सारे. पन एक रडत नव्हतं. सारे काचेपाशी. वीस वर्सं झाली मले. कोन्या लेकराचं तोंड मी शांत पाह्यलं नाही. उघडलंच राह्यते, बोंबलत."

मग त्यांनी हनुवटीनं खिडकीकडे खूण केली.

"काय म्हणून राह्यले ते? जाऊन ऐका बरं. तुम्हाले नाही पळत."

मी गेलो, ऐकलं आणि परत आलो. "काळा मासा मेला म्हणतात. दोन दिवसांत कोणाला दिसला नाही. एकजण रडकुंडीला आलाय."

"मेला?" शामराव सायकलसकट दोन पावलं पुढे गेले आणि थबकले. "मेला कायचा! जिता आहे. सकाळीच पाह्यला म्या. तो पोटुशी आहे ना, म्हणजे ती मादी आहे, झाडामांगं दडते. त्याईले सांगा, उजव्या कोपऱ्यात, खाली वाका म्हणा. अन् काचेवर थापा नका मारू म्हणा." मग घाईघाईनं, "माहं नाव नका सांगू."

मी परत गेलो. मुलांना उजवा कोपरा दाखवला. दहाबारा डोकी एकदम खाली वाकली, माली तर मातीत पालथीच पडली. मग कोणीतरी ओरडलं, "दिसला! अन् बारके बारके! लय आहेत!"

मी गिरणीकडे पाहिलं. शामराव भिंतीच्या कडेपर्यंत पुढे आले होते. त्यांना ते ऐकू गेलं होतं. मी हातानं त्यांना यायची खूण केली. मुलं इतकी गुंग होती की त्यांनी वळूनही पाहिलं नसतं.

शामरावांनी आभाळाकडे पाहिलं. सूर्य अजून हातभर वर होता. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं, सायकल वळवली, आणि नदीकडच्या लांबच्या रस्त्याला लागले.