टेबलाला घातलेलं कडं

दोराच्या जोडाला एक तोंड असतं. दोराचं शेपूट जिथून दोराच्याच पोटात शिरतं, ते तोंड. तिथे माझे सासरे निळ्या शाईची एक बारीक रेघ मारून ठेवतात. त्या गुरुवारी ती रेघ तोंडातून चार मिलिमीटर बाहेर आलेली मला दिसली, म्हणजे शेपूट तेवढं निसटलं होतं. आधी घरातली पट्टी लावून पाहिली. विश्वास बसेना, म्हणून कॉलेजातून व्हर्नियर आणला. चार पूर्णांक एक दशांश.

चार मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असं तुम्ही म्हणाल. तुमचे सासरे त्या दोराच्या भरवशावर चाळीस फुटांवर जाऊन बसत नसतील.

माझे बसतात. बाबा झाडं उतरवतात. 'पाडणं' हा शब्द त्यांना शिवीसारखा लागतो. घराला, भिंतीला खेटून वठलेलं झाड एका घावात पाडता येत नाही. ते वरून खाली, तुकड्यातुकड्यानं उतरवावं लागतं. त्यासाठी बुंध्याला वर दोराचं एक बंद कडं अडकवायचं, कड्यात कप्पी, कप्पीतून दोर, आणि दोराला ओंडका. बाजारात त्या कड्याला स्लिंग म्हणतात. आमच्या घरात कडंच. आई म्हणजे माझ्या सासूबाई सांगतात, "लग्नात मला यांनी कडं देईन म्हटलं होतं. कसलं ते विचारायचं राहिलं."

बाबांचा एक नियम आहे: ज्याचं कडं, तो वर. ज्याने विणलं त्यानेच ते वर नेऊन बांधायचं. दुसऱ्याच्या हातच्या कामावर जीव टांगायचा नाही, आणि आपल्या हातच्या कामावर दुसऱ्याचा टांगायचा नाही. बाबा एकोणसत्तर वर्षांचे आहेत, उजवा गुडघा जिना चढतानाही कुरकुरतो, तरी तेच वर जातात, कारण कडी तेच विणतात. माझा नवरा त्यांच्या हाताखाली वीस वर्षं काम करतो. माकडासारखा चढतो. पण विणणं त्याला जमलं नाही. त्याने पोटात घातलेलं शेपूट माहेरवाशिणीसारखं दोन दिवसांत परत येतं.

"आता बास करा," असं आई दोन वर्षं म्हणत होत्या.

"बघू पुढच्या हंगामात," असं बाबा दोन वर्षं म्हणत होते.

आणि येत्या सोमवारी शाळेच्या आवारातलं वठलेलं झाड उतरवायचं ठरलेलं होतं. बाबा वर जाणार, कडं तेच, चार पूर्णांक एकवालं.

बाबांना हे तोंडावर सांगण्याची माझी छाती नव्हती. म्हणून मी जेवताना वेगळंच जाहीर केलं.

"बाबा, मला कडं विणायला शिकवा. मी अकरा वर्षं घर्षण शिकवते. दोर म्हणजे दुसरं काय आहे? रविवारपर्यंत तयार करते."

बाबांनी घास संपवला. मला ते लाडाने 'प्रयोगशाळा' म्हणतात. "प्रयोगशाळे, अकरा वर्षं घर्षण शिकवतेस, आणि बरणीचं झाकण उघडायला माझ्याकडे आणतेस."

पण जेवण झाल्यावर त्यांनी दोराचं भेंडोळं आणि वीतभर लांबीची पोकळ सुई काढली.

हा दोर आतून पोकळ असतो, मोज्यासारखा. एक टोक सुईत अडकवून दोराच्या पोटात घालायचं आणि लांबवर नेऊन गाडायचं, मग दुसरं टोक उलट दिशेने तसंच गाडायचं. ताण आला की बाहेरची वीण आवळते आणि आतलं शेपूट पकडून ठेवते. जितकं ओढाल तितकं घट्ट. ऐकायला इतकं सोपं, की मला शिकवायचीच घाई झाली.

"किती आत न्यायचं?" मी वही उघडून विचारलं.

"कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. दोनदा."

"कुणाच्या कोपरापासून?"

"माझ्या. आता दुसऱ्या कुणाचा आणू?"

मी त्यांचा हात टेबलावर ठेवून पाच वेळा मोजला आणि सरासरी काढली. सत्तेचाळीस पूर्णांक सहा सेंटिमीटर. आई भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "चाळीस वर्षांत मी यांचा हात इतका वेळ धरला नाही."

माझं पहिलं कडं बेडूक गिळलेल्या सापासारखं दिसत होतं. बाबांनी फुगीर भागावर बोट फिरवलं. "शेपूट निमुळतं करायचं राहिलं. उंदराचं असतं तसं हवं. हे बोक्याचं झालं." दुसऱ्यात शेपूट उंदराचं झालं, पण सुई पोटातून भलतीकडेच बाहेर आली. तिसऱ्यात सगळं बरोबर होतं, फक्त दोराला पीळ पडला होता आणि कडं टेबलावर ठेवलं की आपोआप आठाचा आकडा होत होतं.

"दोर सुटा लोंबकळतो म्हणून पीळ पडतो," बाबा म्हणाले. "कशाला तरी वेढा देऊन ताणून धर, मग विण."

ही सूचना माझ्या लक्षात राहिली. प्रयोगशाळेत आम्ही प्रत्येक वस्तू चिमट्यात धरतो, हाताने धरून ठेवणं हे अडाणीपणाचं लक्षण. शनिवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलाखाली मांडी घातली. त्या टेबलाच्या पायांना खालून जोडणारी एक आडवी दांडी आहे, पाय ठेवायला. भेंडोळ्यातला शेवटचा तुकडा मी त्या दांडीखालून घेतला, दोन्ही टोकं वर ओढली आणि कामाला लागले. दोर कसा वीणेच्या तारेसारखा ताठ! शेपूट उंदराचं, सुई सरळ, पीळ शून्य. दोन्ही टोकं गाडून झाल्यावर नवऱ्याला बोलावलं. आम्ही दोघांनी टेबलाच्या पायांना पाय लावून जीव खाऊन ओढलं, म्हणजे जोड नीट बसतो. मग जोड सरकू नये म्हणून त्यावर तीस टाके घातले. तोंडाशी निळी रेघ मारली, तीही पट्टीने.

नवरा म्हणाला, "झकास. सोमवारी माझं हेल्मेट घेऊन जा, तुला थोडं मोठं होईल."

"मला कशाला हेल्मेट?"

"ज्याचं कडं, तो वर."

हा नियम मी या घरात शंभर वेळा ऐकला होता. पण तो मलाही लागू पडतो, हे अकरा वर्षं नियम शिकवणाऱ्या बाईच्या ध्यानात आलं नव्हतं. मी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर गेले की पृथ्वी फिरते हे मला पुस्तकाशिवाय पटतं.

काही बोलणार, तेवढ्यात बाबा आले. वाकून, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी जोडावरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा.

"चांगलं झालंय," ते म्हणाले. "आण इकडे, उजेडात."

मी ओढलं. टेबल आलं.

मी पुन्हा ओढलं. टेबल पुन्हा आलं, या वेळी वाटी-चमच्यांसकट. कडं बंद, टेबलाचे पाय आणि दांडी मिळून तेही एक बंद कडं, आणि दोन बंद कडी एकमेकांत अडकलेली. ह्याला साखळी म्हणतात. तिसरीतल्या मुलालाही माहीत असतं.

नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"उसवते मी," मी म्हणाले.

"नाही." बाबांचा आवाज बदलला. "एकदा ताण बसलेला जोड उसवला की तो दोर कपडे वाळत घालायला. आणि भेंडोळं संपलंय."

"मग दांडी कापू."

समोर राहणारे सुतारकाका त्याच वेळी नेमके गप्पा मारायला दारात आले. ते टेबल त्यांनी केलेलं. "कोण कापतंय? तीस वर्षं झाली, एक खिळा नाही त्याला. नुसत्या खाचा. माझ्या हयातीत त्याला करवत लागणार नाही."

"मग त्याचं काय करायचं?" मी विचारलं.

"दोर कापा. दोर काय, मिळतो."

"दोर मिळतो, सुतारा," बाबा म्हणाले, "जोड मिळत नाही."

दोघं म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले. ही मैत्री तीस वर्षांची आणि भांडणही तेवढंच जुनं: लाकूड मोठं की दोर. तोपर्यंत आईंनी टेबल पुसून पानं मांडली. जेवताना प्रत्येकाच्या पायात कडं येत होतं. संध्याकाळी त्यावर दोन नॅपकिन वाळत होते.

रविवारी सकाळी टेबल अंगणात निघालं. बाबांनी ठरवलं होतं की कड्याची परीक्षा आहे तिथेच घ्यायची. टेबलाचे पाय अंगणातल्या झाडाच्या बुंध्याला बांधले. समोर आमच्या ओंडके वाहायच्या ट्रकच्या हुकाला साखळीची कप्पी लावली, जिने जड ओंडके ओढतात, आणि तिचा आकडा माझ्या कड्यात.

"दोर सुटेल," सुतारकाका म्हणाले.

"दांडी सुटेल," बाबा म्हणाले.

माझं म्हणणं मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. दोर सुटला तर सोमवारी बाबा वर. दांडी सुटली तर सोमवारी मी वर. मी नवऱ्याचं हेल्मेट घालून उभी होते. ते नाकापर्यंत येत होतं, ही त्यातल्या त्यात सोय.

नवऱ्याने साखळी ओढायला सुरुवात केली. कट, कट, कट. कडं ताठ झालं. टेबल कण्हलं. सुतारकाकांनी जवळ जाऊन खाचेवर हात ठेवला, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा. "सोडणार नाही," ते म्हणाले. कट. "सोडणार नाही." कट.

मग बंदुकीसारखा आवाज झाला. दांडी मधोमध मोडली होती. कडं मोकळं होऊन नवऱ्याच्या पायाशी पडलं, जसं काही झालंच नाही.

"खाच सुटली नाही," सुतारकाका म्हणाले. "लाकूड मोडलं. खाच नाही सुटली, लिहून घ्या." वही माझ्याच हातात होती. मी लिहून घेतलं.

तेवढ्यावर बाबांचं समाधान होणार नव्हतं. त्यांनी त्या कड्यावर अंगणातला सगळ्यात जड ओंडका टांगला आणि चारपर्यंत खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसले. चार वाजता म्हणाले, "मोज."

मी व्हर्नियर लावला. दोनदा.

"किती?"

"शून्य."

"आणि माझं?"

मी हेल्मेट वर सरकवलं. "चार पूर्णांक एक दशांश."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"गुरुवारपासून."

"मला त्याच्या आधीपासून," बाबा म्हणाले. "टाके घालताना सुईचं भोकच दिसेना. दहा टाके कमी घातले. आता कुणाला सांगायचं?"

"मला सांगायचं," आई मागून म्हणाल्या. "या घरात सुईत दोरा मीच ओवते."

मग बाबांनी मला पायापासून हेल्मेटपर्यंत न्याहाळलं. "तू जाणार वर?"

"नियम आहे ना."

"पाय लटपटतायत तुझे."

"बाबा, ते कंपन आहे. घर्षण नाही."

"मी जातो," नवरा म्हणाला. "तिच्या कड्यावर. तुम्ही जोड पाहिलाय. नको म्हणालात तर नाही जाणार."

बाबांनी ओंडका खाली घेतला, कडं सोडवलं आणि जोडावरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला. मग ते नवऱ्याच्या खांद्याला अडकवलं.

"आणि तुम्ही?" आईंनी विचारलं. दोन वर्षं विचारत होत्या त्याच आवाजात.

"सुतारा, त्या टेबलाची दांडी लवकर बसव," बाबा म्हणाले. "मी आता वर चढणार नाही. कुठेतरी बसायला लागेल."