दाढेतली विहीर

थंड पाणी प्यायलो की माझ्या डाव्या दाढेत कळ यायची. मग मी उजवीकडून पाणी प्यायला शिकलो आणि दुखणं मिटलं असं जाहीर केलं. सरोजिनीला, म्हणजे आमच्या कुटुंबाला, ते पटलं नाही. शेवटी सोलापूरच्या दाताच्या डॉक्टरांना ‘नुसतं दाखवून’ यायचं ठरलं. ती सोबत आली. (मी वाटेतच एसटीतून उतरेन, अशी तिची खात्री होती.)

डॉक्टरांनी दाढेचा एक्स-रे काढला. “कीड वरच्या थरातच आहे. आत्ता भरायची गरज नाही. दात नीट घासा, गोड कमी करा, सहा महिन्यांनी पुन्हा बघू.”

(गोड कमी करा! मी ढोकीच्या साखर कारखान्यात कारकून.) तरी दाढ कोरणं टळलं, या आनंदात मी त्यांच्या पायाच पडणार होतो.

घरी तुळजापूरहून सासरे आले होते. तात्यांनी पत्रिका बघावी तशी ती फिल्म उजेडात धरली.

“जावईबापू, दाढेच्या पोटात एवढं काळं भोक, अन् डॉक्टर म्हणतो गरज नाही?”

शेजारचे दुकानदार शरणबसप्पा डोकावले. “भोक कुठलं तात्या, विहीर हाय ही! लई खोल.”

मग गल्लीतला जो तो विहीर बघून हळहळू लागला. दाढ माझी, आणि मला सोडून प्रत्येकाला मत! सरोजिनी रडकुंडीला आली. “अहो, दाढ गेली तर भाकरी कशानं खाल?”

दुसऱ्या दिवशी पुन्हा सोलापूर. या खेपेला दाढ कोरणार, म्हणून मी एसटीतून उतरायला दोनदा उठलो आणि सरोजिनीनं दोनदा खाली बसवलं.

फिल्मवरची विहीर दाखवताच डॉक्टर पोट धरून हसले. “अहो, ही दाताच्या शिरेची जागा. सगळ्यांनाच असते. बुजवायला निघालो तर तुमची अख्खी गल्ली कोरावी लागेल! कीड ही इथं, टाचणीच्या टोकाएवढी. जपलीत तर दाढ म्हातारपणापर्यंत टिकेल.”

माझा जीव भांड्यात पडला.

“पण फिल्मवर गल्लीभराचे अंगठे उमटलेत. पुन्हा काढू.”

त्यांनी नवी फिल्म दाढेशी बोटानं दाबून धरली. तेवढ्यात शेजारच्या खोलीत दात कोरायचं मशीन घरघरलं, आणि माझा जबडा आपोआप मिटला. डॉक्टर असे ओरडले, की बाहेरचे दोन पेशंट उठून घरी गेले.

“दाढेला काही झालं का हो?” सरोजिनीनं घाबरून विचारलं.

“दाढ ठणठणीत आहे, बाई,” डॉक्टर बोट फुंकत म्हणाले. “सहा महिन्यांनी मात्र फिल्म तुम्हीच धरा. तुमचं बोट चावायची यांची छाती नाही.”