चौदाशेचं सक्शन

गुन्हेगार सापडला होता! पोलिसांना नाही, वैष्णवीला.

आठ महिने आरोहीची छाती वाजत होती. चार वर्षांची पोर. झोपली की छातीतून आवाज यायचा, जुन्या दाराला बाहेरून कुणी नखं घासत असल्यासारखा. वैष्णवी उशाशी बसून मिनिटाला किती श्वास होतात ते मोजायची आणि वहीत लिहायची. दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. दुसऱ्या वेळी डॉक्टर चष्मा काढून म्हणाले होते, "घरात धूर नको. अजिबात नको. असा एखादा अटॅक घरच्या घरी आवरायचा नाही, सांगून ठेवतो."

वैष्णवी एम.एस्सी. झालेली, तीही रसायनशास्त्रात. हे वाक्य तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून लाल पेनने चौकट केली, आणि घराला लष्करी छावणी केली. गालिचे गेले. केसाळ अस्वल गेलं. उदबत्ती गेली, देवाला नुसती फुलं. मागीलदारची आंघोळीच्या पाण्याची चूल तर सगळ्यात आधी बंद, न्हाणीत गिझर आला. आरोहीला प्यायला कोमट पाणी, रात्री छातीला तेल, आणि तिन्हीसांजेला सासऱ्यांनी, आप्पांनी, धुपाटण्यात चार निखारे आणून दिले की वर चिमूटभर ओवा टाकून छातीला शेक. वैष्णवीच्या आईची आई हेच करायची, आणि तिची अकरा मुलं ठणठणीत जगली होती.

एवढं करूनही छाती वाजायची! मग उरलं कोण? फोडणी!

जुनी दोन बर्नरची शेगडी तशीही म्हातारी झाली होती. ज्योत पिवळी पडायची, भांड्यांची बुडं काळी व्हायची. वैष्णवीने ठरवलं, आता काचेची चार बर्नरची शेगडी आणि वर चिमणी! जयगडला पोर्टात नोकरीला असलेल्या नवऱ्याला, स्वरूपला, तिने फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "घे तुला हवी ती." बायकोच्या वहीशी वाद घालायचा नाही, हे तो आठ महिन्यांत शिकला होता.

दुकानातले गुरुप्रसाद पन्नाशीचे, चिमण्या बसवण्यात वीस वर्षं घालवलेले. वैष्णवीने वही उघडली तेव्हा त्यांनी खुर्ची ओढून घेतली. रुंदी किती? जाळी कसली? आवाज किती? हवा पाइपाने बाहेर टाकते की गाळून परत घरातच सोडते?

"बाहेर टाकणारीच घ्या वहिनी," गुरुप्रसाद म्हणाले. "आणि शेगडी चार बर्नरची, तर चिमणीही तेवढीच रुंद हवी. नाहीतर कडेच्या बर्नरचा धूर बाजूने निसटतो."

"ते लिहिलंय मी. सक्शन?"

"तुमच्या खोलीला आठशे पुष्कळ झालं."

"सगळ्यात जास्त किती आहे?"

"चौदाशे. पण ते लग्नाच्या हॉलला लागतं हो!"

"चौदाशे द्या."

"वहिनी, एवढी हवा खेचायची तर ती कुठून तरी आत यायला पाहिजे. स्वयंपाकघराची खिडकी थोडी उघडी..."

पण वैष्णवीने वहीचं पान उलटलं होतं. कुठल्याशा व्हिडिओतल्या बाईंनी ठासून सांगितलं होतं की खिडक्या बंद ठेवा, नाहीतर धूर विखुरतो आणि चिमणीला सापडत नाही. बाई पुण्याच्या होत्या. गुरुप्रसाद खेडशीचे. विषय संपला!

शनिवारी चिमणी बसली. अंगणातून आप्पांनी कपाळावर हात धरून ती न्याहाळली. "ह्ये काय गो, विमानाचं इंजिन आणलंस?"

"आप्पा, आता घरातला सगळा धूर बाहेर जाणार."

"सगळा?"

"सगळा!"

"कुठचापण?"

"कुठचाही!"

आप्पांच्या चेहऱ्यावर एकदम शांती पसरली. वैष्णवीला वाटलं, नातीची काळजी मिटली म्हणून.

रविवारी सकाळी दहाला परीक्षा. बांगडे! बांगड्यांच्या धुराला खेचू शकली तर चिमणी जगातला कुठलाही धूर खेचेल. वैष्णवीने स्वयंपाकघराची खिडकी लावली. हॉलच्या लावल्या. पुढचं दार लावलं. उघडी ठेवली फक्त एक, मागच्या खोलीतली, आरोहीच्या पलंगाजवळची. लेकराला ताजी हवा हवी ना!

बटण दाबलं. घूंऽऽऽ! तिने कागदाचा तुकडा जाळीजवळ नेला, तो फटकन चिकटला. तवा तापला, बांगडे पडले, धुराचा लोट उठला आणि सरळ वर, तसूभरही इकडेतिकडे नाही! वैष्णवीच्या डोळ्यांत पाणी आलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा ती स्वयंपाकघरात गुणगुणली.

तेवढ्यात मागून खोकल्याचा आवाज आला.

तिने वळून पाहिलं. मागच्या खोलीकडच्या बोळातून धूर येत होता. बांगड्यांचा नव्हे. राखाडी, ओलसर, घशाला चावणारा. रांगत्या मुलासारखा तो जमिनीसरशी तिच्याच दिशेने येत होता.

वैष्णवीने चिमणी दोनवर केली. धूर वाढला. तीनवर केली. आता तो रांगेनाच, धावायला लागला!

"आई गं, डोळे..." आरोही दारात उभी. ओठांभोवतीचा रंग निळसर झालेला वैष्णवीने पाहिला. तिने पोरीला उचललं. आता न्यायचं कुठे? सगळ्यात स्वच्छ हवा कुठे? चिमणीखाली! तिने गॅस बंद केला आणि आरोहीला दोन्ही हातांनी चिमणीखाली उंच धरलं, गोविंदाने हंडीकडे धरावं तसं. घरभरचा धूर आता बरोबर तिथेच येत होता, आरोहीच्या नाकावरून वर जात होता.

तिने पोरीला कडेवर घेऊन कोपराने गुरुप्रसादांना फोन लावला.

"तुमची चिमणी उलटी फिरतेय! बाहेरचा धूर आत ओढतेय!"

"उलटी फिरत नसते वहिनी ती."

"माझ्या घरात फिरतेय!!"

"येतो. स्कूटरवर बसलोच."

मग स्वरूप. शिफ्टवर, मागे क्रेनचा घरघराट. "वायर जळत असेल! मेन स्विच पाड! आधी मेन स्विच!"

तिने मेन पाडला. चिमणी थांबली. आणि टेबलावर नुकतंच लावलेलं नेब्युलायझरही थांबलं! आरोही मास्क धरून रिकाम्या नळीतून ओढत होती. बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत जात होती. वैष्णवीला मोजायला सुचेना. आठ महिन्यांत पहिल्यांदा ती आकडा विसरली. तिने मेन वर केला, मशीन पुन्हा लावलं, चिमणीला मात्र हात लावला नाही, पुढचं दार सताड उघडलं आणि पोरीला पुढच्या पायरीवर घेऊन बसली.

धूर हळूहळू ओसरला. म्हणजे सिद्ध झालं! चिमणी बंद, धूर बंद. चौदाशेचं सक्शन विकणाऱ्याला ती कोर्टात खेचणार होती.

गुरुप्रसाद आले. आरोहीकडे एकदा पाहिलं. खिशातून पातळ कागदाची पट्टी काढली, आत जाऊन पुढचं दार लावलं आणि मिनिटभर चिमणी चालू केली. पट्टी बोटांत लोंबकळत धरून ते चालू लागले. वैष्णवी आरोहीला मशीनसह हॉलच्या बंद खिडकीशी बसवून मागे. बोळात पट्टी त्यांच्याकडे वळली. आरोहीच्या खोलीत ती आडवी झाली. पलंगाजवळच्या खिडकीत तर फडफडायलाच लागली.

"एवढीच उघडी आहे ना घरात?"

"तिला ताजी हवा..."

"वहिनी, चौदाशेची सगळी हवा एवढ्या एका खिडकीतून येतेय. आता बाहेर काय आहे बघा."

बाहेर, खिडकीच्या बरोबर खाली, चूल होती. बंद केलेली चूल. तिच्यावर तांब्याचा हंडा, आणि खाली नारळाच्या सालांची ओली सोडणं धुमसत होती, एखादं गाव जळून गेल्यासारखी. शेजारच्या न्हाणीच्या दारामागे तांब्याने पाणी ओतल्याचा आवाज येत होता आणि आप्पांचा खणखणीत अभंग!

गुरुप्रसादांनी घरात जाऊन चिमणी बंद केली. बादलीभर पाणी ओतून चूलही विझवली. दार उघडून पंचा नेसलेले आप्पा बाहेर आले, वाफाळलेले, प्रसन्न. दोघांना पाहिलं आणि अभंग मधल्याच शब्दावर थांबला.

"आप्पा, ही चूल?"

"आज जरा..."

"आज?"

आप्पांनी पंच्याचं टोक पिळलं. "रोजच. एकादशी सोडून."

"एकादशीला का नाही?"

"उपास असतो ना गो."

वैष्णवी ओरडायला पुढे झाली.

"गिझरचं पाणी अंगाला लागत नाय बाय," आप्पा खालच्या आवाजात म्हणाले. "हा हंडा तुझ्या सासूच्या माहेरचा, हेदवीचा. ती होती तोवर ह्यातच पाणी तापवायची. मी लपून पेटवायचो, तू बाजारात गेलीस की. पण काल तू बोललीस, चिमणी कुठचापण धूर बाहेर नेते. मला वाटलं, आता तू घरी असलीस तरी चालेल. माझा धूरपण तिकडूनच जाईल."

"गेला ना," गुरुप्रसाद म्हणाले. "फक्त वाटेत पोरगी होती."

आप्पांचा चेहरा विझल्या चुलीसारखा झाला. ते काहीतरी बोलणार होते. "पण बाय, तू तर रोज..." एवढं म्हणून त्यांनी वैष्णवीकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं.

मशीन संपलं तरी आरोहीचा श्वास खाली येईना. दवाखान्यात गुरुप्रसादांच्या स्कूटरवर वैष्णवी आणि आरोही, मागून रिक्षाने आप्पा, अंगावर सदरा उलटा. ऑक्सिजन लागला. इंजेक्शन लागलं. दीड तास गेला. मग नखांचा आवाज हळूहळू मंदावला, आरोहीने डोळे उघडले आणि बांगडा मागितला. आप्पा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

डॉक्टर कागद घेऊन बसले. "धूर कुठला होता?"

वैष्णवीने हवालदाराने आरोपी हजर करावा तसं आप्पांना पुढे केलं आणि सगळी हकिकत सांगितली. एकादशीसकट.

"चूल बंद, आजपासून," डॉक्टर म्हणाले.

"बंद," आप्पा म्हणाले. "हंडा माळ्यावर टाकतो."

"आणखी काही घरात? डासांची कॉइल? उदबत्ती?"

"छे! डॉक्टर, मी देवाची उदबत्तीसुद्धा बंद केलीय!" वैष्णवीने वही उघडून पान दाखवलं. "आठ महिन्यांत माझ्या हाताने धुराचा कणसुद्धा..."

आरोहीने मास्क बाजूला केला. "आणि धुरी?"

"कसली धुरी बाळा?"

"आई देते ना. रोज संध्याकाळी. डोक्यावरून चादर घेऊन. आतमध्ये डोळे झोंबतात. आई म्हणते, जोरात ओढ."

डॉक्टरांनी चष्मा काढला.

"तो धूर नव्हे," वैष्णवी म्हणाली. "ओवा असतो... माझी आजी... अकरा मुलं..."

"कशावर टाकता ओवा?"

"निखाऱ्यांवर."

"गॅस आणि गिझरच्या घरात निखारे कुठून आणता?"

वैष्णवीने तोंड उघडलं. आप्पा घाईघाईने पुढे झाले.

"तिला काय बोलू नका डॉक्टर. ते मी आणून देतो, राखेत जपलेले. तिला ठाऊक नाय."

वैष्णवीने वहीकडे पाहिलं. श्वास, ताप, ढास, सक्शन, जाळी, रुंदी, सगळ्याची नोंद होती. आठ महिने, एकादशी सोडून, रोज तिन्हीसांजेला आप्पा तिच्या हातात लाल निखारे ठेवत होते. आणि बंद चुलीच्या घरात ते पेटतात कुठे, हा प्रश्न मात्र एका पानावर नव्हता!