बाबांच्या कॉम्प्युटरचा बंदोबस्त

पूर्वजांच्या कबरी साफ करायच्या सणाच्या चार दिवसांच्या सुट्टीत युचेन लुकांगला आईबाबांच्या घरी आली आणि त्यातले अडीच दिवस तिने बाबांचा कॉम्प्युटर साफ करण्यात घालवले. आजोबांची कबर अर्ध्या तासात लख्ख झाली होती.

कॉम्प्युटरची दशा बघवत नव्हती. चालू केला की आधी पडद्यावर एक सोनेरी मासा नाचायचा. मग "अभिनंदन!" अशी पाटी यायची. ती बंद केली की तिच्याखालून दुसरी. फुकटचा माजाँगचा खेळ, फुकटचं पंचांग, फुकटचं रक्तदाब मोजायचं यंत्र, आणि हे सगळं फुकट आलेलं काढून टाकण्यासाठी फुकट मिळालेली तीन औषधं. तिन्ही औषधं एकमेकांनाच रोग समजून भांडत होती. युचेन शिन्चूला एका चिप बनवणाऱ्या कंपनीत कॉम्प्युटर विभागात होती. पण असली जत्रा तिने नोकरीतही पाहिली नव्हती.

"हे सगळं कुठून आणलंत, बाबा?"

"मी कशाला आणू? आपणहून आलं," चुआंग तिएनफू म्हणाले. "मी फक्त 'हो' म्हटलं."

"प्रत्येक वेळी?"

"एवढं आदबीनं विचारतात, नाही कसं म्हणायचं?"

गेल्या वर्षी याच माशाने घोटाळा केला होता. बाबा गावातल्या वयस्कर मंडळींच्या गेटबॉल संघाचे चिटणीस. लाकडी हातोडीने चेंडू कमानीतून मारायचा तो खेळ. जिल्ह्याच्या स्पर्धेचा अर्ज पाठवायच्या दिवशी कॉम्प्युटरने अर्जाऐवजी नाचता मासा पाठवला, तोही आयोजकांसकट एकशेसाठ जणांना. संघाची नोंदणी हुकली. दोन खेळाडू अजून बाबांशी बोलत नव्हते. सगळ्यात थोरले ओंगकाका, वय वर्षं एक्क्याण्णव, ते तेवढे बोलत होते, पण एवढंच म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू. असलो तर."

म्हणून या खेपेला युचेनने पक्का बंदोबस्त केला. कॉम्प्युटरमध्ये नवं काही घालायचं असेल तर तिचाच पासवर्ड लागेल, अशी व्यवस्था केली. बाबांचा हक्क राहिला तो फक्त बघण्याचा आणि टाइप करण्याचा.

"म्हणजे माझ्याच घरात मी भाडेकरू!"

"चांगले भाडेकरू. आणि हे बघा, अनोळखी नंबरावरून फोन आला आणि कुणी म्हणालं, कॉम्प्युटर सुरू करा, मला नंबर वाचून दाखवा, तर फोन ठेवायचा. पोलीस म्हणू दे, बँक म्हणू दे, नाहीतर मी म्हणू दे."

"तू?"

"माझा आवाज असला तरी. हल्ली कुणाचाही आवाज काढता येतो."

बाबांचे डोळे चमकले. निवृत्तीआधी एकतीस वर्षं ते नागरिक नोंदणी कचेरीच्या खिडकीवर बसले होते. समोरच्याला 'तुम्ही तुम्हीच कशावरून?' हे विचारणं हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यांनी लगेच शाई घोटली, लाल कागद कापला आणि नववर्षाला दारावर लावतात तशा दोन पट्ट्या ठसठशीत अक्षरांत लिहून कॉम्प्युटरच्या दोन्ही बाजूंना चिकटवल्या. उजवीकडे 'अनोळखी नंबरावर विश्वास नाही'. डावीकडे 'अनोळखी फाइलला हात नाही'. वर आडवी पट्टी, 'आधी युचेनला विचारा'. युचेन समाधानाने शिन्चूला परतली.

तीन आठवड्यांनी, एका शुक्रवारी दुपारी चारला ती आतल्या इमारतीतल्या बैठकीतून बाहेर आली, तर टेबलावर स्वागतकक्षाची चिठ्ठी पडली होती. 'वडिलांचा फोन, १२.१०. फॉर्म उघडत नाही. मशीन तुमचा पासवर्ड मागतंय. पाचला नोंदणी बंद.'

युचेनला लगेच उलगडलं. फॉर्म उघडायला नवं काहीतरी घालावं लागत असणार आणि ते घालायची बंदी तिनेच केलेली. गेल्या वर्षी मासा आडवा आला, यंदा मुलगी!

कंपनीत मोबाइल आत नेता येत नसे. तो फाटकावरच्या कपाटात, म्हणजे पंधरा मिनिटं चालत. आईचा नंबर त्या मोबाइलमध्ये. तोंडपाठ होता तो फक्त घरचा जुना फोन. पाच मिनिटांचं तर काम, असा विचार करून तिने टेबलावरचाच फोन उचलला.

"बाबा, मी युचेन."

पलीकडून बाबांचा आवाज आला, अगदी गोड. "असं का? पण नंबर तर कुणा परक्याचा दिसतोय."

"ऑफिसचा आहे. बाबा, वेळ नाहीये. कॉम्प्युटर सुरू करा. खाली कोपऱ्यात निळं चिन्ह आहे ना, ते दाबा. मग नऊ आकडी नंबर येईल, तो मला वाचून दाखवा. पुढचं सगळं मी इथून करते."

बाबांनी फोनवर हात ठेवला, पण नीट ठेवला नाही. "अगं ए! आला! फोन आला! अस्साच्या अस्सा! नऊ आकडे मागतेय!"

"बाबा, मी खरंच मी आहे!"

"हो, हो, बाळ, असणारच. पण आमची एक पद्धत आहे. एक प्रश्न विचारतो. लहानपणी तू कशात पडली होतीस?"

"मात्सूदेवीच्या देवळामागच्या तळ्यात."

"चूक! गटारात!"

मागून आईचा आवाज आला. "तळ्यातच हो! गटारात तुम्ही पडला होतात. ओंगदादांच्या मुलाच्या लग्नात."

"तू कशाला मध्ये बोलतेस? उत्तर फुटलं ना! प्रश्न बाद!" बाबा पुन्हा फोनवर आले. "दुसरा प्रश्न. आईचा वाढदिवस कधी?"

युचेनला धीर आला. "जुन्या पंचांगाने आठव्या महिन्याची एकोणीस."

"हं," बाबा म्हणाले. "फसलीस. माझ्या मुलीला हे गेल्या दहा वर्षांत एकदाही आठवलेलं नाही."

युचेनने घड्याळ पाहिलं. सव्वाचार. "आईला द्या फोन. आई ओळखेल मला."

आईने फोन घेतला. "बोल."

"आई, मी गं! आवाज ओळख ना!"

"अगंबाई!" आई थक्क झाली. "किती हुबेहूब काढलाय हो! तो नाकातला सूरसुद्धा!" मग आवाज खाली आणून, "पोरी, तुझ्या आईला ठाऊक आहे का तू असले धंदे करतेस ते?"

"आई, तूच माझी आई आहेस!"

"असं सगळ्यांना म्हणत असशील. जेवलीस का?"

"नाही."

"बघा, उपाशी ठेवतात यांना," आई बाबांना म्हणाली. "आज शिंपल्यांचं ऑम्लेट केलं होतं, दोन उरलीत, पण हिला देणार कसं?"

फोन पुन्हा बाबांकडे गेला. युचेनने आता सगळं सोडून नुसती विनवणी सुरू केली. "तुम्ही फक्त ते नऊ आकडे वाचा. अजिबात घाबरू नका. माझ्यावर विश्वास ठेवा, मी तुमच्या घरचीच आहे. आणि घाई करा, पाचनंतर काहीच करता येणार नाही!"

हे वाक्य संपलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की पाठीमागे कुणीतरी उभं आहे. तिच्या विभागप्रमुख कू मॅडम. त्यांनी सोमवारीच सगळ्या कंपनीला पत्रक पाठवलं होतं : फसवणाऱ्यांची भाषा कशी ओळखावी. ते आपलेपण, ते आकडे, ती घाई. युचेनने तिन्ही खुणा एका दमात पुऱ्या केल्या होत्या.

"युचेन," कू मॅडम अतिशय हळू आवाजात म्हणाल्या. "कंपनीच्या फोनवरून?"

"मॅडम, माझे वडील आहेत!"

"कुणाचे तरी असतीलच."

युचेनने फोनवर हात ठेवून मासा, पासवर्ड, एक्क्याण्णव वर्षांचे ओंगकाका असं सगळं घाईघाईने सांगितलं. कू मॅडमनी चिठ्ठी वाचली, चष्मा पुसला, चिठ्ठी पुन्हा वाचली. मग हात पुढे केला. "मी बोलते. थोरल्या माणसाचं ऐकतील."

"नमस्कार, चुआंगसाहेब. मी युचेनची वरिष्ठ. ती तुमचीच मुलगी आहे, याची मी खात्री देते."

बाबांचा आनंद फोनबाहेर सांडला. "आता मोठी बाई आली! टोळी आहे, टोळी! अगं, खुर्ची आण, आणि चहा. बरं का बाई, तुमच्या हाताखाली किती जण आहेत?"

"बावीस," कू मॅडम सवयीने म्हणून गेल्या.

"बावीस! आणि सगळे माझ्या मुलीच्या आवाजात बोलतात?"

साडेचार झाले होते. कू मॅडमनी फोनवर हात ठेवला. "तू फाटकावर जा, मोबाइल आण. तुझा नंबर दिसला की विश्वास ठेवतील. तोवर मी यांना धरून ठेवते."

युचेन पळत सुटली. दोन दारं, लांबलचक गल्ली, तपासणीची कमान. कमान वाजली, पट्टा काढला, पुन्हा कमान. डोळ्यांपुढे ओंगकाका दिसत होते, हातात हातोडी घेऊन, 'असलो तर' म्हणणारे. यंदाही हुकलं तर बाबा मैदानावर पाय ठेवणार नाहीत आणि दोष माशाचा नसेल. फाटकावर कपाटाचा नंबर आठवेना. शेवटी आठवला. चार सत्तेचाळीसला तिने धापा टाकत आईच्या मोबाइलवर फोन लावला.

"युचेन!" आई कुजबुजली. "बरं झालं तू केलास. आत्ता बाबांना बोलवत नाही, दुसऱ्या फोनवर आहेत. चोर सापडलेत! एक तर अगदी तुझ्या आवाजात बोलत होती. मी पण क्षणभर फसले असते."

"आई, ते राहू दे! फॉर्म! पाच वाजायला आले! बाबांना म्हणावं निळं चिन्ह—"

"कसला फॉर्म? गेटबॉलचा? तो मगाशीच दिला."

युचेन फाटकाला टेकली. "दिला? कसा?"

"तू सापडली नाहीस ना दुपारी. मग बाबा म्हणाले, पासवर्डशी खेळत बसायचं नाही. सगळ्यांची नावं हातानं लिहिली, खाली शिक्का मारला आणि सायकलवरून आयोजकांच्या कचेरीत नेऊन दिला. दोनच गल्ल्या पलीकडे तर आहे. तिथली मुलगी म्हणाली, आजोबा, काय सुंदर अक्षर! पावती पण दिली. ओंगदादा मघापासून अंगणात हातोडी घासतायत."

युचेनला आधी हसू आलं, मग डोळे भरून आले, मग पुन्हा हसू आलं. पहारेकऱ्याने पाण्याची बाटली पुढे केली. छातीवरचा धोंडा उतरल्यावर माणसाला इतकं हलकं वाटतं, हे ती विसरूनच गेली होती.

"मग बाबा अर्धा तास फोनवर करतायत काय?"

"चोरांना गुंतवून ठेवलंय. म्हणाले, ही माझ्याशी बोलत बसली की तेवढा वेळ दुसऱ्या कुणा म्हाताऱ्याला फोन करणार नाही." आईने थांबून कानोसा घेतला. "आता त्या मोठ्या बाईला समजावतायत. ऐकतेय बिचारी."

आता खरं सांगावं, असं युचेनच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात आईकडचा मोबाइल हिसकावला गेला.

"युचेन! ऐकलंस का? एक आकडासुद्धा दिला नाही! पहिली तर शेवटी रडकुंडीला आली होती." बाबांचा आवाज तरुण झाला होता. "तू म्हणत होतीस ना, बाबांना काही कळत नाही?"

"मी असं कधी म्हटलं?"

"तोंडानं नाही म्हटलंस."

युचेन बाटलीतलं पाणी प्यायली. बाबांच्या कॉम्प्युटरभोवती तिने भिंती बांधल्या होत्या, कुलुपं लावली होती. त्या सगळ्यांच्या पुढे जाऊन हा म्हातारा एकटा दाराशी बसला होता, आणि तिलासुद्धा आत सोडत नव्हता. याहून पक्का बंदोबस्त तिला कंपनीतही करता आला नसता. चोर कोण होते ते सांगून काय मिळणार होतं?

"शाब्बास, बाबा," ती म्हणाली. "मला जमलं नसतं."

"सराव लागतो," बाबा मोठेपणाने म्हणाले. "ठेव आता. ती मोठी बाई वाट बघतेय."

ती सावकाश चालत परत आली तेव्हा कू मॅडम तिच्याच खुर्चीत बसल्या होत्या. फोन अजून कानाशी होता आणि दुसऱ्या हाताने त्या कागदावर काहीतरी उतरवून घेत होत्या. "हो... अगदी बरोबर... हो, विचार करते... तुमच्यासारखं कुणी आधी सांगितलं नव्हतं. नमस्कार." त्यांनी फोन ठेवला.

"फॉर्म दुपारीच गेला, मॅडम," युचेन म्हणाली. "तुमचा वेळ फुकट घालवला. माफ करा."

कू मॅडमचं लक्ष कागदावर होतं. "माझी आई ताइतुंगला एकटी असते," त्या जराशा ओशाळून म्हणाल्या. "बावीस माणसांचा विभाग चालवते मी, पण तिच्यापुढे हात टेकलेत. कुणीही फोन केला की ती आकडे वाचून दाखवते, वर चष्मा लावून पुन्हा तपासून बघते, चुकला तर नाही ना म्हणून. माझं ऐकत नाही. तुझ्या वडिलांचं ऐकेल. त्यांना विचारशील का, तिला थोडं शिकवतील का?"

"विचारते," युचेन म्हणाली. "पण फोन मी करीन. तुम्ही करू नका."