गायब ओळीचा तपास

वाशीम जिल्ह्यातला सर्वात हुशार गुप्तहेर म्हणजे मी, जानराव. जिल्ह्यात दुसरा गुप्तहेर नाही, पण पहिला नंबर तो पहिलाच. शेलूबाजारातल्या चौदा हरवलेल्या शेळ्या मी शोधल्या. त्यातल्या नऊ आपणहून घरी आल्या, पण मी शोधत होतो तेव्हाच आल्या.

ही केस घरातली. बायको पंचफुला जाऊन वर्ष झालं. मी 'निर्भीड डंका' पेपरात तिच्या पुण्यस्मरणाची जाहिरात दिली. फोटोखाली एक ओळ लिहिली: 'तेल कारखान्याचं काळं पाणी आमच्या विहिरीत उतरतं, हे ती शेवटपर्यंत सांगत होती. अजून उतरतं.'

पेपर आला. फोटो होता, ओळ नव्हती. तिचं म्हणणंच कुणीतरी चोरलं होतं.

मी पंचफुलाचा चष्मा लावून तपासाला लागलो. त्याचा नंबर मला जुळत नाही, त्यामुळे सगळेच संशयित दिसतात. आधी वाटलं, शाई संपली. मग वाटलं, पेपरची जीप खड्ड्यात आदळली आणि ओळ सांडली. शेवटी वाशीमला जाऊन टाइप करणाऱ्या विकासची बोटं मोजली. दहा भरली.

"काका, जागा कमी पडली," तो खाली बघत म्हणाला.

"मंग बाजूचं अख्खं पान कोनाले देल्लं?"

"मालकाच्या वाढदिवसाले."

मी वहीत लिहिलं: पेपरवाल्यांना जागेचा अंदाज येत नाही. केस बंद.

घरी आलो तर शेजारच्या लिलाबाई त्याच वाढदिवसाच्या पानावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी त्यांना सगळा तपास सांगितला.

"भाऊ, हा हारवाला कोन?"

"बबनराव. पेपरचा मालक. आमदारकीले उभा हाये."

"कारखान्याच्या फाटकावर बी ह्याचाच फोटो हाये ना?"

मी चष्मा काढला. त्या फाटकासमोरून मी रोज जातो.

"कारखाना त्याचा, पेपर त्याचा. तो सोताचीच तक्रार छापीन काय? आन् तुमी पोराची बोटं मोजून आले!"

रविवारी वर्षश्राद्धाचं जेवण होतं. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाचं नाव कोरून भांडी वाटतात. मी दीडशे स्टीलचे पेले आणले. पंचफुलाच्या नावाखाली ती ओळ कोरून घेतली, पूर्ण. जागा पुरली.

महिन्याभरानं बबनराव मतं मागत माझ्या ओसरीवर आले. ऊन कडक होतं. लिलाबाईंनी भरलेला पेला पुढे केला. बबनरावांनी तो तोंडाशी नेला, त्यावरची ओळ वाचली आणि तसाच धरून बसले.

"घ्या ना मालक," लिलाबाई म्हणाल्या. "तुमचंच पानी हाये."