भामरेअण्णा आणि गच्चीचा पूर्वेकडचा कोपरा

सूर्यावर ढग आला की भामरेअण्णा आमच्या कॉम्प्लेक्सच्या लिफ्टमध्ये कोणाला शिरू देत नाहीत. दार अडवून उभे राहतात आणि आभाळाकडे बोट दाखवतात. "थांबा, जाऊ द्या त्याला."

गच्चीवर सोलर बसल्यापासूनची ही तऱ्हा. ढग आला तरी बाहेरची वीज आपोआप येते, लिफ्ट थांबत नाही, हे मी त्यांना दहा वेळा समजावलं. मी दुकानदारांचा सेक्रेटरी, त्यामुळे समजावणं माझ्याच नशिबी. अण्णा शांतपणे ऐकतात आणि म्हणतात, "ते ठीक शे भाऊ. पण सूर्याले फ्यूज ऱ्हातो का?"

अण्णा मूळचे सटाण्याचे. तळमजल्यावर त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, मागच्याच खोलीत नवरा-बायकोचा संसार. अर्धांगवायू झाल्यापासून काकू आम्हाला दिसल्याच नाहीत. वीज वाचवायला आम्ही लिफ्ट फक्त संध्याकाळी चालवायचो. "सोलर बसवा, दिवसभर चालवा," म्हणून अण्णांनी वर्षभर आमचं डोकं खाल्लं. तळमजल्यावरच्या माणसाला लिफ्टचा एवढा पुळका कशाला?

बरं, सोलरचं वेड म्हणावं तर तेही नाही. पूर्वेकडच्या मोकळ्या कोपऱ्यात आणखी पॅनेल टाकली की सगळी दुकानं उन्हावर चालणार होती. सगळे तयार, अण्णा एकटे आडवे. "तो कोपरा नही."

"पण का?"

"नही म्हंजे नही."

माझं डोकं भणभणायला लागलं. शेवटी अण्णांना न विचारताच मी सोलर एजन्सीच्या माणसाला माप घ्यायला बोलावलं. परवा सकाळी, चांगल्याच थंडीत, तो आला आणि नेमकी लाइट गेली. बाहेरची वीज गेली की आमचं सोलरही बंद पडतं, मग डोक्यावर कितीही ऊन असो. तो खाली मीटर बघत राहिला, मी धापा टाकत जिन्याने वर गेलो.

त्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर शाल पांघरून काकू बसल्या होत्या, तोंड उन्हाकडे. अण्णा खाली बसून त्यांच्या आखडलेल्या हाताला तेल चोळत होते, एकेक बोट हलकेच सरळ करत.

"ऊन... चांगलं... शे," काकू म्हणाल्या.

मला पाहून अण्णा ओशाळले. "खोलीत ऊन येत नाही हो. अन् लिफ्ट बंद असायची. तीन वर्षं हिनं ऊन पाहिलं नव्हतं, भाऊ. ढग आला की भ्या वाटतं, लिफ्ट अडकली तर हिला वर-खाली कसं नेऊ? आता लाइट येईस्तोवर बसतो इथंच."

एवढे दिवस मी या माणसाला विक्षिप्त म्हणत होतो, याची लाज वाटली.

मागून एजन्सीचा माणूस टेप घेऊन आला. "हाच कोपरा ना, साहेब?"

"हा नको," मी म्हणालो. "इथे दिवसभर सावली असते."

त्याने त्या लख्ख उन्हाकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, मग गोंधळून माझ्याकडे पाहिलं. आणि टेप गुंडाळून खिशात ठेवली.